वेलीत अडकलेले दार

मी एक जुनी पेटी आहे. मांजराला दवाखान्यात न्यायची पेटी. पुष्कळ लोक मला पिंजरा म्हणतात आणि ते मला मुळीच आवडत नाही. पिंजऱ्यात कोणाला तरी डांबून ठेवतात. माझ्यातून कोणाला तरी नेतात आणि परत आणतात. निदान परत आणावे, एवढीच माझी इच्छा असते. मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी भित्री आहे. अंगाने चांगली कडक, आपटली तरी फुटणार नाही अशी, पण मनाने अगदी भित्री. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. राखाडी रंगाचे वितळलेले प्लास्टिक साच्यात गेले आणि माझे दोन भाग बाहेर पडले. खालचा भाग खोलगट, वरचा मुठीचा. आठ चाप त्या दोन्ही भागांना एकमेकांशी जखडून ठेवतात. पुढच्या बाजूला लोखंडी तारेचे दार, आणि ते वर एक, खाली एक अशा दोन खिळ्यांवर फिरते. ज्या बाईने माझे दार बसवले तिने ते तीनदा उघडले, तीनदा लावले. मग शेजारणीला म्हणाली, "दार नीट लागलं ना, की बाकी सगळं नीट." तेव्हा मला वाटले, ही बाई फारच काळजी करते. आज वाटते, तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

दुकानात मी थोडेच दिवस राहिले. एके दिवशी मला एका नवरा-बायकोने घरी नेले. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत वजनकाटे दुरुस्त करण्याचे काम चाले. छोटे काटे, मोठे काटे, तागड्या, पितळी वजने, सगळे ओळीने मांडलेले. आतल्या खोलीत शिलाई मशीन होते आणि त्यावर पडदे शिवले जात. दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळकांडीवर एक माळा होता. त्या माळ्याशी माझा पुढे फार संबंध येणार होता, पण तेव्हा मला त्याची कल्पना नव्हती. पुढे त्यांना मुलगी झाली, बबडी. तेव्हापासून मीही त्या दोघांना आई आणि बाबा असेच म्हणत आले आहे.

माझ्यात पहिल्यांदा बसली ती कापशी. नावाप्रमाणे पांढरीशुभ्र. लसीला, कान दुखला म्हणून, पाय मुरगळला म्हणून, अकरा वर्षे मी तिला नेले आणि आणले. तिला माझी भीती वाटत नसे, कारण मी नेहमी मशीनखाली उघडी असे आणि दुपारची झोप ती माझ्यातच काढी. दवाखान्यातले लोक म्हणत, "तुमचं मांजर किती गुणी आहे, आपण होऊन पेटीत जातं." त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता, पण पेटीला शाबासकी कोण देतो?

मग कापशी म्हातारी झाली. एका सकाळी मी तिला घेऊन गेले आणि परत येताना माझ्यात फक्त तिचा टॉवेल होता. आई मला घेऊन चालत आली. रिकामी असताना माझे वजन जेमतेम दोन किलो भरते. तरी आईने वाटेत चार वेळा हात बदलला. मला तिची बोटे दारातून आत आलेली आठवतात. आत कोणी नव्हते, तरी ती बोटे घरापर्यंत तिथेच होती.

मित्रांनो, माझी भीती त्या दिवशी जन्मली. मी नेते ते परत येईलच असे नाही, हे मला तोवर माहीत नव्हते.

आई म्हणाली, "ही माझ्या डोळ्यांसमोर नको." बाबांनी मला माळ्यावर टाकले, अगदी मागे, फुटक्या पंख्याच्या पलीकडे. टाकण्याआधी माझ्यात जुन्या वायरी, बंद पडलेले बल्ब आणि कापशीची दवाखान्याची फाइल कोंबली. आता बाबांचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. ते खटपटे आहेत. कुठलीही वस्तू नुसती पडून राहिलेली त्यांना बघवत नाही. काट्याची तुटकी तागडी त्यांच्याकडे साबणदाणी होते. तसे त्यांनी माझे तारेचे दार पाहिले, दोन्ही खिळ्या काढल्या आणि दार गॅलरीत नेऊन कुंडीत उभे रोवले. आईच्या जांभळ्या फुलांच्या वेलीला चढायला आधार हवा होता. झाली सोय. मी आ वासून माळ्यावर बसले आणि वेल माझ्या दारावर चढू लागली.

माळ्यावरून, सामानाच्या फटीतून मला बोळकांडी दिसे, पुढच्या खोलीचा अर्धा भाग दिसे आणि ऐकू तर सगळेच येई. म्हणून मुकादम घरात आला तो दिवस मला ठाऊक आहे. तांबूस रंगाचे, मोठ्या डोक्याचे बोक्याचे पिल्लू खिडकीतून उतरले, थेट मोठ्या काट्यावर जाऊन बसले आणि बाबांच्या कामाकडे डोळे बारीक करून बघू लागले. बबडी म्हणाली, "बाबा, हा तुमच्यावर देखरेख करायला आलाय." त्याचे नाव मुकादम पडले. त्याला लसीला नेताना मला खाली काढतील असे मला वाटले होते. पण नाही. बाबांनी त्याला आपल्या हत्यारांच्या पिशवीत घातले, चेन अर्धी लावली आणि नेले. मी फार रुसले. पण आतल्या आत बरेही वाटले. नको ते नेणे आणि नको ते आणणे, असे मी स्वतःला सांगितले.

मुकादम तीन वर्षांचा झाला. दर सुटीच्या सकाळी बाबा त्याला काट्यावर बसवत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वजन लिहीत. ते त्यांचे देवपूजेसारखे होते, चुकत नसे.

त्या सुटीच्या सकाळी बाबांचा आवाज आला, "चार किलो आठशे. मागच्या वेळी चार सहाशे दहा. वा, मुकादम!"

आई मशीन थांबवून बाहेर आली. "अहो, पण त्याने कालपासून खाल्लं नाहीये. नुसतं पाणी पितोय. आणि सकाळपासून दहा वेळा वाळूत जाऊन बसला."

"पोट साफ होत नसेल. होतं असं."

"ओरडतोय तो बसल्यावर."

"अगं, वजन वाढलंय त्याचं. आजारी असता तर उतरलं असतं. काटा खोटं बोलतो का कधी?"

बाबांनी आयुष्यभर लोकांचे खोटे काटे खरे केले होते. खऱ्या काट्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा कोणावरच नव्हता. आई गप्प बसली, पण तिने मशीन पुन्हा सुरू केले नाही.

दुपारी मुकादम माझ्या खालच्या बोळकांडीत आला. त्याचे वाळूचे घमेले तिथेच असे. तो वाळूत शिरला, पाठ कमानीसारखी केली आणि वाकून बसला. बसला, बसला, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कापशीच्या शेवटच्या दिवसांतही ऐकला नव्हता. खोल आणि लांबलचक. नंतर तो बाहेर आला, दोन पावले चालला आणि ओकला. वाळू कोरडीच राहिली.

मला ओरडून सांगायचे होते, पण पेटीला तोंड असले तरी आवाज नसतो.

आई धावत आली. तिने वाळूत हात घालून पाहिले. "बबडी! तू वाळू कधी साफ केलीस?"

बबडी नऊ वर्षांची. वाळू चाळण्याचे काम तिचे होते आणि ते तिला मनापासून नावडते होते. ती दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

"काल सकाळी."

"काल संध्याकाळी?"

"काही नव्हतंच त्यात. वाळूचे ओले गोळे नव्हते. मला वाटलं, बरं झालं, आज सुटले." मग तिचा चेहरा रडवेला झाला. "सांगायचं होतं का गं आई?"

आई तिला रागावली नाही. ती बाबांना म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही, "पोट नाही अडलेलं. त्याला कालपासून लघवीच झालेली नाहीये."

बाबा एका हातात तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन आले होते.

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना सुटीमुळे बंद होता. फोन वाजून वाजून थांबला. मग बाबांनी चौकातल्या दवाखान्याला फोन लावला. त्याच्या पाटीवर 'चोवीस तास' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. फोनचा आवाज मोठा केलेला होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"हां, आणून ठेवा मांजर," तिकडचा माणूस म्हणाला.

"डॉक्टर आहेत का?" आईने विचारले.

"येतील ना संध्याकाळी. सहा-साडेसहापर्यंत. तुम्ही आणून तर ठेवा."

बाबा लगेच चपला शोधू लागले. "चल, दहा मिनिटांवर आहे. निदान दवाखान्यात तरी असेल."

"ठेवून काय करू तिथे?" आई म्हणाली. "तो काय पडदा आहे, शिवायला टाकून यायला?"

"मग कुठे जायचं?"

मुकादम टेबलाखाली बसून पोट चाटत होता, एकसारखे. मला वरून ते सगळे दिसत होते आणि मला एक गोष्ट माहीत होती जी त्यांना आठवत नव्हती. कापशीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या डॉक्टरांनी तिच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर एक नंबर लिहून दिला होता. 'मी नसलो आणि तातडीची वेळ आली तर इथे', असे म्हणाले होते. ती फाइल माझ्या पोटात होती. आठव, आई, आठव, असा मी जप लावला. भीतीने माझे आठही चाप आखडले होते.

"फाइल," आई एकदम म्हणाली. "कापशीची फाइल! त्यावर नंबर आहे. पेटीत आहे ती."

बाबा स्टुलावर चढले. फुटका पंखा खाली आला, मग दोन गाद्या, मग रंगाचे रिकामे डबे. शेवटी त्यांचा हात माझ्या मुठीला लागला. तीन वर्षांनी मी उजेडात आले. माझ्यातून वायरी आणि बल्ब फरशीवर सांडले, एक बल्ब फुटला, आणि त्या सगळ्याखालून फाइल निघाली.

आईने नंबर लावला. तो चालू असेल की नाही, कोणास ठाऊक. दोनदा वाजला आणि एका बाईंनी उचलला.

"तातडीचं पशुरुग्णालय. बोला."

"माझा बोका आहे, त्याला कालपासून..."

"बोका? नर ना? वय?"

"तीन."

"शेवटची लघवी कधी पाहिली?"

आईने बबडीकडे पाहिले. बबडीने बोट वर केले. "काल सकाळी," आई म्हणाली.

"ओकला का?"

"हो, आत्ताच."

"काही औषध, तेल, गोळी दिलीत?"

बाबांनी तेलाची बाटली पाठीमागे लपवली, जणू त्या बाईंना फोनमधून दिसणार होती. "नाही," आई म्हणाली.

"देऊ नका. काहीही देऊ नका. डॉक्टर इथेच आहेत, नळी घालायची सोय आहे. तुम्ही पुलाच्या पलीकडे का? मग चाळीस मिनिटं लागतील. आत्ता निघा. हातात धरून आणू नका, घाबरलेलं मांजर रस्त्यावर उडी टाकतं. पिशवीत तर मुळीच नको, पोट दाबलं जाईल. कडक पेटी आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"आहे."

"वरचं झाकण काढा. त्याला टॉवेलसकट अलगद उचलून खालच्या भागात ठेवा, मग झाकण लावा. दारातून कोंबू नका. वरून कापड टाका. फाइल असेल तर घ्या. नाव काय त्याचं?"

"मुकादम."

"मी लिहून ठेवते. या."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "पहिल्याने काहीच विचारलं नाही हो. हिने सगळं विचारलं. इथेच जायचं." बाबांनी मान डोलावली आणि टॅक्सी बोलावायला फोन हातात घेतला. तेवढ्यात आईने मला उचलून फिरवले.

"अहो. हिचं दार कुठंय?"

बाबांनी गॅलरीकडे पाहिले.

मित्रांनो, माझे दार तुम्हाला ओळखू आले नसते. तीन वर्षांच्या वेलीने त्याच्या तारातारांत बोटे गुंतवली होती. कुठे दार संपते आणि कुठे वेल सुरू होते, ते कळत नव्हते. त्या आठवड्यात वेलीला नवे झुपके आले होते आणि आई रोज सकाळी ते मोजत असे. बाबा एकेक फांदी हलक्या हाताने सोडवू लागले. "थांब, मोडू नये म्हणून बघतो..."

आईने कापड कापायची मोठी कात्री आणली, बाबांना बाजूला सारले आणि कुंडीच्या वर एका ओळीत सगळी वेल कापून टाकली. कच, कच, कच. मग पाने, कळ्या, फुले ओरबाडून काढली. तिने एकदाही खाली पाहिले नाही. दार मोकळे झाले तेव्हा तिच्या पायाशी जांभळा ढीग पडला होता.

पण दार वाकले होते आणि वरची खिळी गंजून गेली होती. ती माझ्या भोकात जाईना. रोज केसाएवढा काटा सरळ करणारे बाबांचे हात, पण त्यांना खिळी धरता येईना. त्यांनी खालची खिळी बसवली आणि वरचा कोपरा तांब्याच्या तारेने बांधला. माझे दोन चाप माळ्यावरच्या उकाड्याने तडकले होते, ते लावताना तुटले. आईने पडद्याची दोरी आणून माझ्या पोटाभोवती दोनदा आवळली. मी इतकी केविलवाणी कधीच दिसले नव्हते. मला वाटत होते, मी याला सांभाळू शकणार नाही. माझ्यावर भरवसा ठेवू नका, दुसरी एखादी पेटी आणा, असेच मला म्हणायचे होते.

मुकादमने मला पाहिले आणि कान मागे पाडले. त्याच्या दृष्टीने मी माळ्यावरून उतरलेले, धूळ आणि जुन्या वासांनी भरलेले काहीतरी होते. बबडीने स्वतःच्या अंथरुणातली चादर आणून माझ्यात घातली. आईने त्याला टॉवेलसकट उचलले, पोटाला हात न लावता, आणि माझ्यात ठेवले. त्याच्या अंगाची थरथर माझ्या तळाला जाणवली. झाकण बसले. सहा चाप, एक दोरी, एक तार. निघालो.

टॅक्सीत मी आईच्या मांडीवर होते. सुरुवातीला मुकादम ओरडत होता, प्रत्येक वळणावर. ते ऐकवत नव्हते. पण पूल लागला आणि तो गप्प झाला, ते त्याहून वाईट होते.

"झोपला असेल," बाबा म्हणाले. बबडीने आईचा पदर मुठीत धरला होता.

पुलाच्या टोकाला रस्ता खणलेला होता. टॅक्सी आदळली आणि माझी तांब्याची तार सुटली. दार वरून लटकले आणि अर्धे उघडे पडले. माझ्या तोंडचे पाणीच पळाले. पेटीच्या आयुष्यात यापेक्षा भयंकर काही नसते. आता हा झेप घेणार, टॅक्सीत थैमान घालणार, काच उघडी आहे, बाहेर पुलावर गाड्याच गाड्या... मी डोळे मिटून घेतले असते, मला असते तर.

तो पळाला नाही. दार त्याच्या नाकापुढे उघडे होते आणि त्याने मानदेखील वर केली नाही. नुसता पडून राहिला, एका कुशीवर, तोंड थोडे उघडे ठेवून.

आईने उघडे दार पाहिले, मग त्याला पाहिले, आणि तिला काय कळायचे ते कळले. तिने दार लावले नाही. त्या फटीतून हात आत घातला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "लवकर चला हो," ती चालकाला म्हणाली. "लवकर चला." मला त्या हाताची ओळख होती. मागच्या वेळी तो आत आला तेव्हा मी रिकामी होते.

रुग्णालयाच्या काचेच्या दारामागे टेबलाशी एक बाई उभ्याच होत्या. "मुकादम ना?" त्या म्हणाल्या आणि मला आईच्या हातातून घेतले. आवाज फोनवरचाच होता. आत पांढऱ्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी दोरी कापली, माझे झाकण उचलले आणि बोटांनी मुकादमचे पोट हलकेच चाचपले. "दगडासारखं झालंय," त्या मदतनिसाला म्हणाल्या. "आत घ्या याला. आत्ता."

त्याला चादरीसकट उचलले. माझे झाकण पुन्हा माझ्यावर ठेवून मला बाहेर आणून दिले. रिकामी.

मित्रांनो, त्या बाकावर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. समोर एक घड्याळ होते, पण आमच्यापैकी कोणी तिकडे बघत नव्हते. फिनेलचा वास येत होता. आतून कधी पावले वाजत, कधी काही पडल्याचा आवाज होई आणि प्रत्येक वेळी आई अर्धी उठून पुन्हा बसे. बबडी माझ्या शेजारी फरशीवर बसली होती. तिने माझ्या कानाशी, म्हणजे माझ्या बाजूच्या झरोक्याशी तोंड नेले आणि कुजबुजली, "मी सांगितलं असतं ना काल, तर..." मी तिला काय सांगणार? मला स्वतःलाच धीर नव्हता. मी पुन्हा रिकामीच घरी जाणार आणि पुन्हा माळा, एवढेच माझ्या मनात घोळत होते.

मग डॉक्टरीणबाई फाइल हातात घेऊन आल्या. "वजन किती असतं त्याचं?"

बाबा उठून उभे राहिले. "आज सकाळी चार किलो आठशे. मागच्या आठवड्यात चार सहाशे दहा. वाढलं होतं, म्हणून मला वाटलं..."

"एकशे नव्वद ग्रॅम," त्या म्हणाल्या. "खात नव्हता ना? मग ते वजन कशाचं?"



"अडलेल्या लघवीचं," त्यांनीच सांगितले. "मार्ग बंद झालाय, सगळं आत साठलंय आणि त्याचं विष अंगात भिनायला लागलंय. नळी घालतोय आम्ही. तुम्ही बसा."

बाबा बसले. आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले, "काटा बरोबर होता. मीच चुकीचं वाचलं." आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मीही गप्प बसले ना सकाळी," ती म्हणाली. मी त्या दोघांच्या पायांमध्ये होते. वरून बाबांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या झाकणावर पडले.

बाहेरची उन्हे कलली तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या हातात फाइल नव्हती. "नळी गेली. लघवी मोकळी झाली. पण धोका टळलाय असं मी आज म्हणणार नाही. आणखी तीन-चार तास उशीर केला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. तीन दिवस इथे ठेवावं लागेल. पेटी घेऊन जा, इथे जागा कमी आहे."

म्हणजे व्हायचे ते झालेच. मी रिकामी परतले. टॅक्सी मिळेपर्यंत आईने वाटेत हात बदलला, एकदा, दोनदा, तीनदा. पुढे मी मोजणे सोडून दिले.

घरी आल्यावर मला वाटले, आता माळा. बाबांनी मला उचलले, तसे मी मन घट्ट केले. पण त्यांनी मला कामाच्या टेबलावर ठेवले, दिवा लावला आणि माझ्याकडे खूप वेळ पाहिले. त्या तीन दिवसांत त्यांनी एकही काटा दुरुस्त केला नाही. माझे दार ठोकून सरळ केले. दोन नव्या खिळ्या घासून घासून माझ्या भोकांच्या मापाच्या केल्या. तुटलेल्या चापांच्या जागी स्क्रू बसवले. आणि खटपटे असूनही माझ्यावर एकही नवी करामत केली नाही. शेवटी त्यांनी माझे दार तीनदा उघडले आणि तीनदा लावले. मला कारखान्यातली ती बाई आठवली.

रोज सकाळी फोन येई. फोन वाजला की घरात कोणी श्वास घेत नसे. पहिल्या दिवशी, "तसाच आहे." दुसऱ्या दिवशी, "मान उचलतोय." तिसऱ्या दिवशी आईने फोन कानाला लावला, काही न बोलता नुसती हं हं करत राहिली आणि मग फरशीवरच बसली. "नळी काढली," ती म्हणाली. "स्वतःहून केली त्याने. आणि फोनवरच्या त्या ताईंच्या हाताला चावला." बबडी टाळ्या पिटत घरभर नाचली. चावला, चावला, म्हणून इतका आनंद झालेले घर मी दुसरे पाहिलेले नाही.

मी त्याला घेऊन आले. पुलावरून येताना तो सगळा वेळ माझ्या नावाने शिव्या घालत होता आणि मला त्या गोड लागत होत्या.

घरी आल्यावर बाबांनी आम्हा दोघांना मोठ्या काट्यावर ठेवले. त्यांनी माझे एकटीचे वजन आधीच माझ्या पाठीवर काळ्या शाईने लिहून ठेवले होते, म्हणजे ते वजा करता येईल. मुकादम चार किलो चारशे भरला. रोडावला होता. बाबांनी कॅलेंडरवर आकडा लिहिला आणि त्यापुढे, पहिल्यांदाच, आणखी तीन प्रश्न लिहिले: खाल्ले का, पाणी प्यायला का, वाळू ओली का. तिसऱ्या प्रश्नापुढे रोज बबडी सही करते.

आता मी मशीनखाली असते, दार उघडे ठेवून. माझ्या आत एक टॉवेल, एक फाइल, आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला एक कागद. त्यावर रुग्णालयाचा नंबर आहे, जायचा रस्ता आहे आणि आईच्या अक्षरात 'ठेवा म्हणणाऱ्याकडे नाही, विचारणाऱ्याकडे जायचे' असे लिहिले आहे. महिन्यातून एकदा ती त्या नंबरावर फोन करून तो चालू आहे ना, हे पाहते. कुंडीतल्या बुंध्याला फूट आली आहे. बाबांनी त्याला सुतळी बांधून दिली आहे, साधी सुतळी.

माझी भीती गेलेली नाही. ती जायची नाही, आणि जाऊही नये. तुमच्या घरात मुके जनावर असेल तर तुम्हीही थोडी भीती बाळगा. माझ्यासारखी एखादी पेटी तुमच्या माळ्यावर असेल तर आजच खाली काढा, तिचे दार लावून बघा. दुःखाची आठवण होते म्हणून तिला दूर लोटू नका. तुमच्या दुःखात तिचा दोष नव्हता.

आत्ता दुपार आहे. आईचे मशीन वर चालू आहे. मुकादम आपण होऊन माझ्यात आला आहे, कापशी झोपायची तसाच, तोंड दाराकडे करून. मघाशी आईने झाडताना मला त्याच्यासकट उचलून बाजूला ठेवले. साडेसहा किलोंचा ऐवज, पण तिने हात बदलला नाही.